पाकळीचा ल

मंगळवार, रात्री साडेदहा

दिवाळी फराळाच्या जाहिरातीचं काम आज संपायला हवं होतं, ते अडलं एका अक्षरावर. स्टुडिओतल्या नव्या मुलीनं लेआउट दाखवला. रंग छान, मांडणी मोकळी. पण ‘लाडू’ आणि ‘चकली’ यांतला ल मराठीचा पाकळीचा नव्हे, हिंदीचा, उभ्या दांड्याचा. ‘शंकरपाळे’चा श सुद्धा तसाच, गाठीचा. मी बोट ठेवलं तर ती म्हणाली, “सर, वाचता तर येतंय ना?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. दुपारभर ते डोक्यात राहिलं.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात कमर्शियल आर्टला असताना आम्ही बोरूनं, म्हणजे तिरकं टोक कापलेल्या वेताच्या लेखणीनं, अक्षरं गिरवायचो. ल काढताना शिरोरेषेवरून देठ खाली आला की दोन्ही बाजूंना पाकळ्या उमलायला हव्यात, आणि दोन्हींचं वजन तोललेलं हवं. एक जरी जड झाली तरी अक्षर कलंडतं. 1984 मध्ये नोकरीला लागलो तेव्हा मथळे ब्रशनंच काढायचे. मजकुराचं ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटलेला मजकूर, यायचं, ते कटरनं कापून रबर सोल्युशननं चिकटवायचं, रोट्रिंगच्या शाईपेननं चौकट मारायची, वर बटर पेपर. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पुन्हा ब्रोमाइड काढायला वेळ नसायचा. मग दुसऱ्या तुकड्यातली वेलांटी कापायची आणि चिमट्यानं नेमकी जागेवर बसवायची. अक्षराचे अवयव मी त्या ट्यूबलाइटखाली शिकलो.

मग संगणकावर पानं लावायचं पेजमेकर आलं. दोन-तीन वर्षांत आमच्याकडचं पेस्टिंग संपलं, चिकटवलेल्या पानांचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावरचे आमचे सोबती काम सोडून गेले. त्यांच्यातल्या एकानं जाताना मला आपली भिंगाची डबी दिली होती, ती अजून टेबलावर आहे. पण अक्षर तरी आपलंच होतं. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये ल पाकळीचाच होता. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मजकुराचा चिखल व्हायचा, हे मात्र रोजचं दुखणं.

ते दुखणं युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, घालवलं. पण युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक, तो दिसणार कसा हे फाँट ठरवणार. विंडोजबरोबर मंगल हा फाँट आला. तो अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी घडवलेला, सगळ्या देवनागरीसाठी. त्यातला ल दांड्याचा. हळूहळू पत्रिकांवर, पाट्यांवर तोच दिसू लागला. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानं पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिले. तो कागद वाचून मला खरंच भरून आलं होतं.

संध्याकाळी तिच्या शेजारी बसलो. फाँट चांगला होता, दोन्ही रूपं त्यात होती. मजकुराची भाषा तेवढी हिंदी निवडलेली. ती मराठी केली आणि पडद्यावर सगळे ल, श एकदम बदलले. ती म्हणाली, “अरे, हा तर आज्जीच्या अक्षरातला ल!”

जे उत्तर मी दुपारपासून शोधत होतो ते तिनंच दिलं.

मग कागद ओढून ब्रशनं एक मोठा ल काढून दाखवला. हात थोडा थरथरतो आता, उजवी पाकळी जड झाली. तिनं तरी तो कागद ठेवून घेतला आणि बोरू कसा कापतात ते विचारलं. माळ्यावरच्या डब्यात चार-पाच बोरू असतील, सकाळी काढायला हवेत.