बोली दुप्पट करण्याआधी

गूगलवर काही शोधले की दिसणाऱ्या सर्च जाहिरातींची कॅम्पेन सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जाणारा प्रश्न त्या दिवशी सकाळच्या बैठकीत जरा चढ्या आवाजात आला. "सगळ्यांत जास्त पैसे आम्ही मोजतो, तरी ती छोटी कंपनी आमच्या वर कशी दिसते?" विचारणारे गृहस्थ श्रवणयंत्रे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे मार्केटिंगप्रमुख होते आणि उपायही त्यांनी ठरवूनच आणला होता: बोली, म्हणजे एका क्लिकसाठी जास्तीत जास्त मोजायची तयारी असलेली रक्कम, दुप्पट करायची. मी दुपारपर्यंतचा अवधी मागून घेतला आणि सर्च टर्म्स रिपोर्ट उघडून बसलो.

लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केले आणि त्यावर आपली जाहिरात दिसली, याची ही यादी. आमच्या धंद्यात याहून प्रामाणिक कागद नाही, असे माझे मत आहे. 'कानाच्या मशीनमधून शिट्टी वाजते', 'मशीनची बॅटरी लवकर संपते', 'वडिलांना एका कानाने कमी ऐकू येते' अशा ओळींमागून ओळी होत्या, आणि या साऱ्यांना आमचे उत्तर एकच होते: 'आधुनिक श्रवणयंत्रे, सर्वोत्तम दर्जा'. क्लिक केले की कंपनीच्या वाटचालीचे वर्णन करणारे मुखपृष्ठ उघडत होते. त्या छोट्या कंपनीने मात्र शिट्टीसाठी वेगळी जाहिरात लिहिली होती आणि तिच्या पानावर साचा सैल बसल्याने किंवा कानात मळ साचल्याने शिट्टी कशी वाजते हे सांगून खालीच तपासणीची वेळ ठरवण्याचा फॉर्म दिला होता. त्रासलेला माणूस कुठे क्लिक करील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुपारी मी फळ्यावर साधा हिशेब मांडला: बोली गुणिले जाहिरातीची गुणवत्ता, ज्याचा गुणाकार मोठा तो वर. जाहिरातीच्या जागेचा प्रत्यक्षातला लिलाव यापेक्षा बराच गुंतागुंतीचा असतो, पण गाभा हाच आहे. आपली बोली 10 आणि जाहिरातीची गुणवत्ता 3, म्हणजे 30. त्यांची बोली 6 आणि गुणवत्ता 7, म्हणजे 42. शिवाय त्यांना पूर्ण 6 मोजावे लागत नाहीत, 30 च्या किंचित पुढे जाण्यापुरते, म्हणजे साधारण 4.3 पुरतात. आपण बोली वाढवून वर गेलो, तर प्रत्येक क्लिकला 14 च्या आसपास मोजत राहू. गुणवत्ता 5 वर नेली, तर आहे त्याच बोलीत वर जाऊ आणि साडेआठच्या आत भागेल.

"पण कमी पैसे देणाऱ्याला वर बसवून गूगलला काय मिळते?" त्यांनी विचारले. या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला, कारण गूगल एवढे का वाढले याचे उत्तर त्यातच आहे. गोटू नावाच्या शोधसेवेने 1998 मध्येच क्लिकमागे पैसे घेणारा लिलाव सुरू केला होता, पण तिथे ज्याची बोली मोठी तो वर, एवढाच नियम होता. गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये सुमारे 350 जाहिरातदारांसह अ‍ॅडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली, तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली यावर आकारणी होती. 2002 मध्ये त्यांनी क्लिकचा लिलाव स्वीकारला आणि बोलीला क्लिकच्या प्रमाणाची जोड दिली. मोठी बोली लावलेल्या जाहिरातीवर कोणी क्लिकच केले नाही, तर गूगलच्या हाती काहीच पडत नाही. उलट उपयोगी जाहिरात वर आली, तर शोधणाऱ्याचे काम होते, जाहिरातदाराला ग्राहक मिळतो आणि गूगलचे उत्पन्नही वाढते. जीमेल, नकाशे, 2005 मध्ये विकत घेतलेले अँड्रॉइड, 2006 मध्ये 1.65 अब्ज डॉलरला घेतलेले यूट्यूब, ही सारी वाढ ज्या पैशावर उभी राहिली तो प्रामुख्याने याच लिलावातून आला. म्हणूनच नवनिर्मिती एकीकडे आणि जाहिरात दुसरीकडे, अशी विभागणी मला पटत नाही. लिलावाची ही रचना हीच त्या कंपनीची एक मोठी नवनिर्मिती होती.

आमच्या एका तरुण सहकारी मुलीने तिथेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून लावलेले असावे यासाठी गूगलने एकट्या 2021 मध्ये 26.3 अब्ज डॉलर मोजले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. पहिली झेप कल्पकतेची होती, पण पुढे स्थान टिकवण्यात पैशाच्या ताकदीचाही वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे.

अखेर बोलीला हात लावला नाही. बॅटरी, शिट्टी आणि पहिली श्रवणतपासणी यांच्यासाठी वेगळे अ‍ॅडग्रुप, म्हणजे जाहिरातींचे गट, आणि वेगळी पाने केली, आणि ज्या शोधांशी कंपनीचा संबंधच नव्हता ते नेगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत, टाकले. पुढच्या काही आठवड्यांत शिट्टीची जाहिरात जुन्याच बोलीत वर आली. बॅटरीच्या बाबतीत ती छोटी कंपनी अजूनही आमच्या वर आहे, कारण तिचे पान खरोखरच आमच्यापेक्षा चांगले आहे. मार्केटिंगप्रमुख आता तो रिपोर्ट आपल्या दुरुस्ती विभागालाही पाठवतात.