‘मेल’ पूर्ण केला तेव्हा: दर्यापूर तालुक्यातल्या एका दिवाळीचा अनुभव

गावात माझं ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, स्कॉलरशिप, झेरॉक्स. जुलैत पीकविम्याच्या गर्दीत जेवायला सवड नसते. दिवाळीत मात्र सगळं गाव कापसाच्या वेचणीत नाहीतर हरभऱ्याच्या पेरणीत असतं. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पडला पाहिजे, नाहीतर गेला हंगाम. दुपारी तीननंतर दुकानात चिटपाखरू नसतं. त्याच दिवसांत भाचा अकोल्याहून आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाला, “मामा, या वेळी मेल लावायचा.” हा मेल म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक खेळ, पोर्टल २ वर बेतलेला.

त्याआधीच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी पोर्टल २ हा कोड्यांचा खेळ संपवला होता. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हातात एक यंत्र असतं. त्यानं भिंतीवर दोन दारं उघडता येतात, एक निळं आणि एक नारिंगी. एकातून आत गेलं की दुसऱ्यातून बाहेर. दारं फक्त पांढऱ्या पृष्ठभागावर उघडतात. आत जाताना जेवढा वेग, तेवढाच बाहेर पडताना, म्हणून उंचावरून जमिनीवरच्या दारात उडी टाकली तर भिंतीवरच्या दारातून माणूस गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. एवढ्या भांडवलावर सगळी कोडी रचलेली आहेत. मारामारी जवळजवळ नाहीच.

‘पोर्टल स्टोरीज: मेल’ हा याच खेळाच्या चाहत्यांनी केलेला मॉड, म्हणजे मूळ खेळाच्याच साच्यावर रचलेला नवा खेळ. २५ जून २०१५ ला आला, फुकट आहे, फक्त मूळ पोर्टल २ तुमच्याकडे विकत घेतलेला हवा. प्रिझम स्टुडिओज नावाच्या गटानं तो केला. नवी गोष्ट, नवं संगीत, नवे आवाज आणि २२ नवी कोडी. चाहत्यांचं काम म्हणजे दुय्यम, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. मूळ पोर्टल तरी कुठून आला? डिजिपेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा खेळ केला, तो बघून व्हॉल्व्ह कंपनीनं त्या मुलांना कामावर घेतलं आणि २००७ मध्ये पोर्टल बाहेर पडला. दुसऱ्या भागातले रंगीत जेल, म्हणजे भिंतीवर-जमिनीवर फासायचे रंगासारखे द्रव, तेही विद्यार्थ्यांच्याच दुसऱ्या एका खेळातून आले. या खेळाचा जन्मच हौशी पोरांच्या हातून झालेला आहे.

उतरवून घेण्यात तीन दिवस गेले. दिवाळीआधी दुकानातल्या मशीनवर फॉरमॅट मारला होता, म्हणून मूळ खेळही नव्यानं घ्यावा लागला. त्यालाच डिस्कवर ८ जीबी जागा लागते. आमच्याकडे फायबर आलेलं नाही, मोबाईलचा रोजचा २ जीबी डेटा. माझा, भाच्याचा आणि बायकोचा फोन आळीपाळीनं हॉटस्पॉटला लावले. रात्री बारानंतर डेटा नव्यानं सुरू होतो, म्हणून गजर लावून उठायचं, फोन बदलायचा आणि परत झोपायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड माझ्या मशीनला नाही, तरी खेळ सुरळीत चालला. जुनं मशीन असलेल्यांनी त्याची धास्ती घेऊ नये.

सुरुवातीला तो दोन पर्याय देतो, स्टोरी मोड आणि ॲडव्हान्स्ड मोड. भाच्यानं विचार न करता ॲडव्हान्स्डवर क्लिक केलं. “आपण पोर्टल टू संपवलाय मामा, स्टोरी कशाला?” मीही हो म्हटलं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ त्या एका क्लिकमध्ये आहे.

गोष्ट १९५२ मध्ये सुरू होते. मेल नावाची बाई ॲपर्चर या कंपनीत एका प्रयोगासाठी येते, तिला झोपवतात आणि ती जागी होते तेव्हा सगळं उजाड झालेलं असतं. ती जमिनीखाली खोल अडकलेली. व्हर्जिल नावाचा एक बोलणारा यांत्रिक गोळा तिला वर यायला मदत करतो आणि तिथली सुरक्षा यंत्रणा तिला जिवंत बाहेर पडू द्यायला तयार नसते. मेल स्वतः एक शब्द बोलत नाही.

हे सगळं मी आईला सांगत होतो. ती दुकानाच्या मागच्या खोलीत तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसली होती. तिनं विचारलं, “कोणत्या साली झोपली म्हणतं?” मी म्हटलं, बावन्न. तिचे हात थांबले. “म्हंजे तिच्या घरचं आता कोनी नसन.” आम्ही तोवर दोन तास खेळलो होतो आणि हा विचार आमच्या मनातही आला नव्हता. त्यानंतर मेल एखाद्या रिकाम्या बोळातून चालत असली की मला आईचं वाक्य आठवायचं. या मॉडबद्दल ऐकलेलं पहिलं खरं मत मी आईचंच मानतो.

पहिल्या काही खोल्या झकास गेल्या. प्रकाशाचा पूल असतो ना, दारातून आरपार जाणारा, तो कधी पायाखाली घ्यायचा, कधी उभा करून आडोसा करायचा, हे ठरवताना आम्ही दोघं अक्षरशः कागदावर आकृत्या काढत होतो. पीकविम्याच्या जुन्या अर्जांच्या मागे अजूनही निळ्या-लाल पेनातली ती दारं आहेत. भाच्याची एक सवय, पुलावर उभं राहून घाईत नवं दार मारायचं. दार हललं की पूल जातो आणि आपण खाली. त्या दिवशी सलग चार वेळा हेच झालं, पण चूक आपली आहे हे कळत होतं, म्हणून त्रास झाला नाही.

मग ती खोली आली.

दोन संध्याकाळी आम्ही तिथं घालवल्या. जे दिसत होतं ते सगळं करून पाहिलं. लेझर वळवला, ठोकळा इकडून तिकडे नेला, वेग घेऊन उड्या मारल्या. प्रत्येक वेळी उत्तराला एक वीत कमी पडायचं. त्यात लाईन. गावठाण फीडरची लाईन सातच्या सुमारास जायची ती कधी अर्ध्या तासानं, कधी नऊला यायची. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटं टिकते, तेवढ्यात सेव्ह करून मशीन बंद करायचं. दुसऱ्या रात्री सेव्ह करायचं राहिलं आणि अख्ख्या संध्याकाळची मांडणी गेली. भाचा काही न बोलता उठून ओट्यावर जाऊन बसला. सोळा वर्षांचा मुलगा, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर बघायला आमचे वायरमन भाऊ आले. गावात कोणाच्या घरातला कोणता खटका कुठे जोडलाय हे त्यांना पाठ आहे. बॅटरीत पाणी घालून ते हात पुसत मागे उभे राहिले. पाच-सात मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “भाऊ, थे वरतं पाइपाच्या मांगं पांढरं दिसून राह्यलं, थे काय होय?”

मी माऊसचं चाक फिरवून झूम केलं. लांब वर, दोन पाइपांच्या फटीतून, पांढऱ्या पत्र्याची एक पट्टी दिसत होती. रुंदी पडद्यावर माझ्या नखाएवढी. आजूबाजूचं सगळं राखाडी आणि माझा मॉनिटर जुना, साडेअठरा इंची, पांढरं आणि फिकट राखाडी त्यावर जवळपास एकच दिसतं. तिथे दार मारलं आणि दोन मिनिटांत खोली सुटली. भाचा ओरडला, वायरमन भाऊंच्या पाठीवर थाप मारली. मला मात्र आनंद झाला नाही. फसवल्यासारखं वाटलं.

चहा घेताना मी तसं बोललो, तर वायरमन भाऊ म्हणाले, “फॉल्ट सोडवाले मजा येते भाऊ. पन बोर्डच भिंतीत लपवून ठेवला अन् म्हनलं सोडव, तं थो फॉल्ट नोहे, लपंडाव होय.” मला जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी बरोबर सांगितलं. कोड्याचे सगळे तुकडे समोर असावेत आणि जुळणी कठीण असावी. मूळ पोर्टल २ मध्ये पांढरी भिंत डोळ्यात भरेल अशीच असते, अवघड असतं ते तिचं काय करायचं हे.

भाच्याला हे मान्य नव्हतं, आणि त्याचं म्हणणंही मी इथे पूर्ण देतो, कारण ते चुकीचं नाही. “मामा, ती परीक्षेच्या हॉलमध्ये नाहीये. मोडलेल्या कारखान्यात अडकलीय. तिथे कोण खुणा करून ठेवणार? आजूबाजूला नीट बघणं हाही कोड्याचाच भाग आहे. आणि आपण बघितलंच नाही, काकांनी बघितलं.” खरं आहे. आम्ही दोघं जमिनीकडे आणि ठोकळ्याकडेच बघत होतो.

हा वाद आमच्याच घरातला नाही, हे नंतर कळलं. मॉड आला तेव्हा अनेक खेळणाऱ्यांची हीच तक्रार होती की कोडी फार कठीण आहेत आणि दारं मारायच्या जागा लांब आणि आडोशाला आहेत. करणाऱ्यांनी ते ऐकलं. नंतरच्या अपडेटमध्ये त्यांनी कोडी सोपी करून स्टोरी मोड दिला आणि मूळ रूप ॲडव्हान्स्ड म्हणून तसंच ठेवलं. फुकट काम करणाऱ्या लोकांनी परत बसून खोल्या नव्यानं रचायच्या, आणि ज्यांना जुनं आवडलं त्यांचंही काही काढून घ्यायचं नाही. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

भाऊबीज दोन दिवसांवर होती आणि त्यानंतर भाचा जाणार होता. मी हट्टानं स्टोरी मोड सुरू केला, पहिल्यापासून. भाचा दोन खोल्यांपर्यंत रुसून बसला, मग त्यानं हळूच माऊस हातात घेतला. आता खेळाला वेग आला. गोष्ट तुटत नव्हती. व्हर्जिल बोलायला लागला की आई मागच्या खोलीतून विचारायची, काय म्हनते थो गोळा? मी मराठीत सांगायचो. इंग्रजी संवाद सांगता सांगता लक्षात आलं की लिहिणाऱ्यानं किती जीव ओतलाय. त्या गोळ्याला हात नाहीत, पाय नाहीत, आणि तरी त्याची काळजी वाटायला लागते. संगीतही खोलीप्रमाणे बदलत जातं. रात्री लाईन असेल आणि आजूबाजूचे टीव्ही बंद असतील तेव्हा ते ऐकायला हवं.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री साडेअकराला मेल पूर्ण झाला. शेवट काय ते सांगत नाही. आई जागी होती. तिनं एवढंच विचारलं, “निंघाली का बाई बाहीर?” आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणाली, “नको सांगू, सकाळी सांग.”

भाचा गेल्यावर मी एकट्यानं ॲडव्हान्स्ड परत घेतला, यावेळी शेवटपर्यंत. त्यात एक गोष्ट कळली, जी पहिल्या खेपेला कळणं शक्य नव्हतं. ज्या खोल्या विचारावर उभ्या आहेत त्या उत्तर माहीत असतानाही खेळायला आवडतात. पूल कसा वळला, वेग कुठून मिळाला, हे परत घडताना बघायलाही बरं वाटतं. ज्या खोलीत एक पट्टी लपवलेली होती ती दीड मिनिटात संपली आणि तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. २२ पैकी माझ्या मते चार-पाच खोल्या या दुसऱ्या जातीच्या आहेत. बाकीच्या मूळ खेळाच्या तोडीच्या, आणि दोन तर त्याहून सरस.

म्हणून कोणी विचारलं तर माझं सांगणं असं: पोर्टल २ झाला असेल तर मेल खेळाच, पण आधी स्टोरी मोड. गोष्ट संपली की मग ॲडव्हान्स्ड, आणि तिथे अडलात तर वर बघा, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, झूम करून. मॉनिटरची ब्राइटनेस थोडी वाढवून ठेवा. शक्य असेल तर मागे एक माणूस उभा करा, ज्याच्या हातात माऊस नाही.

भाच्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामा, स्टोरी आधी खेळलं तर कोडी कळून जातात, मजा जाते. मी असतो तर लोकांना आधी ॲडव्हान्स्डच सांगितलं असतं.” मग थोडं थांबून म्हणाला, “काका आहेत का तिथे? त्यांना विचारा.”