तुम्ही विचारलंत म्हणून: गाभण राहत नाही गाय, मग सुई मेंदूची कशाला?

तपासणी झाली, हात धुवायला बादलीशी गेलो की हा प्रश्न येतोच. "डॉक्टर, दोष पिशवीचा (गर्भाशयाचा), मग मेंदूचं इंजेक्शन कशाला?" आणि पाठोपाठ, "शेजारच्यांची गाय एका सुईत गाभण राहिली, आमच्या गायीला का लागू पडली नाही?"

माजाचा, म्हणजे गाय गाभण राहायला तयार होण्याचा, हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये काही मोजक्या पेशी जीएनआरएच नावाचं पेप्टाइड सोडतात. जेमतेम दहा अमिनो आम्लांची साखळी. मेंदूची सुई म्हणजे याच जीएनआरएचचं कृत्रिम रूप. 1971 मध्ये शास्त्रज्ञ शॅली यांच्या गटाने डुकरांच्या आणि गिलमँ यांच्या गटाने मेंढ्यांच्या मेंदूतून ती वेगळी काढली. 1977 च्या नोबेलमध्ये हे काम होतं. हे पेप्टाइड बारीक रक्तवाहिन्यांतून खालच्या पिट्युटरी ग्रंथीत उतरतं. मग पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते, आणि त्यांच्यावर अंडाशयातला बीजाचा फोड वाढतो, फुटतो.

खरी गंमत पुढे आहे. हा हुकूम सलग चालत नाही, ठोक्याठोक्याने येतो. शास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांनी 1978 मध्ये माकडिणींवर हे दाखवलं: तासाला एक ठोका दिला तर पिट्युटरी काम करते, तेच जीएनआरएच सलग सोडत राहिलं तर ती गप्प होते. मला आजही हा प्रयोग थक्क करतो. म्हणूनच "दोन सुया जास्त मारा" हा आग्रह मी कधी मानत नाही.

आणि ठोका कोण देतं? किसपेप्टिन नावाचं दुसरं पेप्टाइड सोडणाऱ्या पेशी. त्याच पेशी डायनॉर्फिन नावाचं आणखी एक पेप्टाइड सोडतात, ते लगाम खेचतं. अंगात चरबी किती, पोटात किती जातंय, याची खबर या पेशींपर्यंत पोचते. व्यायल्यावर गाय दुधात जेवढं घालवते तेवढं खाऊन भरून निघत नाही. तेव्हा एलएचचे ठोके विरळ होतात. वासरू अंगाला पीत असेल तर आणखी विरळ.

गेल्या हिवाळ्यात एक संकरित गाय पाहिली. व्यायला चार महिने झालेले. पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका मोजता येत होता. आतून हात घातला, दोन्ही अंडाशयं लहान, गुळगुळीत. शेजारच्या गायीच्या अंडाशयावर बीजाचा सेंटिमीटरहून मोठा पक्व फोड तयार होता, म्हणून 10 मायक्रोग्रॅमची सुई पुरली. एलएच उसळलं आणि दीड दिवसाच्या आत बीज सुटलं. इथे फुटायला काहीच नव्हतं. हुकूम पोचला असता, पण पाळणार कोण?

मालकीणबाई रागावल्या. "आधीच्या डॉक्टरांनी तरी सुई दिली होती." त्यांचा राग मला समजतो. भाकड गाय सांभाळायची म्हणजे रोजचा खर्च, आणि दूध नाही. पण मी सुई दिली नाही. जंताचं औषध, खुराकात मका भरड्याची वाढ, खनिज मिश्रण, एवढंच लिहून दिलं, आणि दीड महिन्याने बोलवा म्हटलं.

फोन त्याआधीच आला. पहाटे गाय हंबरत होती, दुसऱ्या गायीवर चढत होती, आणि काचेसारखा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लोंबत होता. माज सकाळी दिसला, म्हणून संध्याकाळी जाऊन कृत्रिम रेतन केलं.