नॉटमचमध्ये मराठी शोध : आधी ‘ऱ्य’, मग सामान्यरूप

नॉटमच या मुक्तस्रोत ईमेल प्रणालीचा शोध वेगवान आहे, हे ती वापरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आलेल्या पत्रांना हात न लावता झापियन या लायब्ररीच्या साहाय्याने त्यांचा इंडेक्स (शब्दसूची) बांधायचा आणि वर्गीकरणासाठी फोल्डरांऐवजी टॅग वापरायचे, ही तिची २००९पासूनची पद्धत आहे. मराठी पत्रांपाशी मात्र हा शोध अडखळतो. ‘वीज बिल’ असे शोधल्यावर ‘विजेच्या बिलाबद्दल’ असा विषय असलेले पत्र हाती लागत नाही, कारण नॉटमचमध्ये बसवलेला स्टेमर, म्हणजे शब्दाचे प्रत्यय छाटून मूळ रूप देणारा भाग, इंग्रजीचा आहे आणि त्याच्या लेखी ‘वीज’ आणि ‘विजेच्या’ यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. हे नाते जोडणारा पॅच (मूळ कोडमधला बदल) मी फावल्या वेळात तयार करत आहे. त्याच्या आजवरच्या प्रगतीची ही नोंद आहे.

झापियनमध्ये स्वतःचा स्टेमर बसवण्याची सोय आहे. ‘स्टेम-इम्प्लिमेंटेशन’ या क्लासपासून आपला क्लास काढायचा, त्यात शब्द घेऊन मूळ रूप परत देणारे एक फंक्शन लिहायचे, आणि तोच स्टेमर इंडेक्स बांधताना व क्वेरी (शोधासाठी टाकलेले शब्द) वाचताना अशा दोन्ही ठिकाणी द्यायचा. माझा स्टेमर शब्दाचे पहिले अक्षर पाहतो. ते देवनागरी असेल तर मराठीचे नियम लावतो, नाहीतर शब्द इंग्रजी स्टेमरकडे सोपवतो. एकाच पत्रात दोन्ही भाषा सर्रास येत असल्यामुळे भाषेची निवड पत्राच्या नव्हे, तर शब्दाच्या पातळीवर व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

काम सुरू करताना स्टेमर हाच या प्रकल्पाचा गाभा वाटत होता. प्रत्यक्षात त्याच्या आधीची पायरी, म्हणजे एकच शब्द वेगवेगळ्या युनिकोड क्रमांनी लिहिला जाणे, अधिक महत्त्वाची ठरली. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ तीन प्रकारे टंकला जातो : स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त; साधा ‘र’, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि हलन्त; किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात एकच होतात. तिसरा होत नाही, आणि शब्दाच्या मधोमध आलेले झेडडब्ल्यूजे झापियन इंडेक्स करताना गाळून टाकत असल्यामुळे त्याचा ‘दुसर्या’, म्हणजे रफार असलेला निराळाच शब्द बनतो. झापियन-डेल्व्ह हे साधन चालवून एका पत्राचे टर्म (इंडेक्समधल्या नोंदी) पाहिले, तेव्हा स्क्रीनवर सारखे दिसणारे दोन ‘दुसऱ्या’ तिथे शेजारी-शेजारी दोन वेगळ्या टर्मच्या रूपात उभे होते.

मग ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ सरसकट एकच का मानू नयेत? त्याने ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे फरक पुसले जातील, हे एक कारण. दुसरे कारण स्टेमर लिहिताना लक्षात आले आणि मला ते फार मोलाचे वाटते : हा फरक शब्दाचे मूळ रूप सांगतो. ‘आचारी’, ‘दुसरा’ यांसारख्या शब्दांच्या सामान्यरूपात ‘ऱ्या’ येतो, म्हणून तिथे ‘या’ काढून टाकायचा. ‘सूर्याला’, ‘आचार्यांना’ यांतला ‘र्य’ मात्र मूळ शब्दाचाच आहे, तिथे फक्त काना काढायचा. झेडडब्ल्यूजे एकदा गळून पडले की हे ओळखण्याची खूणच उरत नाही. त्यामुळे वेगवेगळे क्रम एकसारखे करणारा शुद्धीकरणाचा फिल्टर झापियनच्याही आधी चालवावा लागतो, आणि क्वेरीलाही तोच फिल्टर लावावा लागतो. हाच फिल्टर ‘बॅंक’ आणि ‘बँक’ यांची गाठ घालतो : पहिल्यात चंद्र आणि अनुस्वार ही दोन चिन्हे आहेत, तर दुसऱ्यात चंद्रबिंदू हे एकच. ‘ॲप’, ‘अ‍ॅप’ आणि ‘ऍप’ यांचेही तसेच. अशा जोड्या एनएफसी एकत्र आणत नाही; ल्युसीन या दुसऱ्या शोध-लायब्ररीमध्ये भारतीय लिप्यांसाठी असलेल्या फिल्टरच्या धर्तीवर त्यांचे कोष्टक हाताने बनवावे लागले.

बाइटांच्या मर्यादेचा प्रश्न अगदी अनपेक्षितपणे समोर आला. झापियनचा टर्म-जनरेटर, म्हणजे मजकुरातले शब्द इंडेक्समध्ये घालणारा भाग, ६४ बाइटांपेक्षा मोठे शब्द इंडेक्स न करता सोडून देतो. इंग्रजीत एवढा लांब शब्द सहसा भेटत नाही, पण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते, म्हणजे मर्यादा २१ चिन्हांवर येते. ‘विद्यार्थ्यांसाठी’ १७ चिन्हांत बसते. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ २३ चिन्हांचे, म्हणजे ६९ बाइटांचे होते आणि इंडेक्समध्ये येतच नाही. स्टेमर कितीही चांगला असला तरी तिथे त्याचा उपयोग नाही, कारण शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ही मर्यादा बदलण्याची सोय झापियनमध्ये आहे. मी ती १२० केली आहे. त्यामुळे लांबलचक निरर्थक अक्षरमालिकाही थोड्या अधिक प्रमाणात इंडेक्समध्ये शिरतील, पण मराठी शब्द हरवण्यापेक्षा ते मला परवडते.

आता स्टेमरचे नियम. ‘साठी’, ‘मध्ये’, ‘बद्दल’, ‘पर्यंत’, ‘पासून’ ही लांब शेपटे बिनधास्त छाटता येतात. ‘त’, ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘वर’ यांच्याबाबत जपून राहावे लागते. त्यांच्या आधी सामान्यरूपाचा दीर्घ स्वर असेल आणि छाटल्यावर किमान दोन अक्षरे उरत असतील, तरच ते काढायचे, असा नियम ठेवल्याने ‘भारत’, ‘पंचायत’, ‘शेत’, ‘गणित’, ‘सोने’, ‘चर्चा’, ‘स्थावर’ हे सगळे शाबूत राहतात. ‘सरोवर’ मात्र या नियमातूनही छाटला जातो, म्हणून तो अपवादांच्या यादीत आहे. ‘गुजरात’चे ‘गुजरा’ होते, पण नियम पुनःपुन्हा लावले जात असल्यामुळे ‘गुजरातमध्ये’चेही तेच होते, आणि शोधाला तेवढे पुरते, इंडेक्समधले मूळ रूप शब्दकोशात असलेच पाहिजे असे नाही. खरी अडचण ‘वरात’ आणि ‘वर’ एकाच रूपावर येतात तिथे आहे.

यानंतर उरलेला शेवटचा स्वर काढायचा, म्हणजे ‘शाळा’ आणि ‘शाळे’ दोन्ही ‘शाळ’वर येतात, ‘रस्ता’ आणि ‘रस्त्या’ दोन्ही ‘रस्त’वर. शेवटी दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करायचे, म्हणजे ‘वीज’ आणि ‘विजे’, ‘दूध’ आणि ‘दुधा’, ‘गरीब’ आणि ‘गरिबां’ जुळतात. यात ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची गल्लत होते, हे मान्य आहे. पण मूळ शब्दही इंडेक्समध्ये वेगळा ठेवलेला असतो, आणि अवतरणचिन्हांत टाकलेल्या शब्दाला झापियन स्टेमर लावत नाही. इंग्रजीत पहिले अक्षर मोठे लिहूनही स्टेमर टाळता येतो. देवनागरीत ती सोय नसल्यामुळे अवतरणचिन्हांचा मार्ग लक्षात ठेवलेला बरा.

ज्यांना पॅच वापरून पाहायचा असेल त्यांनी आधी ‘नॉटमच डम्प’ने टॅगांची प्रत काढून ठेवावी आणि मग ‘नॉटमच रीइंडेक्स’ चालवावे. नव्या फिल्टरने जुनी पत्रे पुन्हा इंडेक्स केल्याशिवाय फरक दिसणार नाही. शोध अपेक्षेप्रमाणे चालला नाही, तर ‘नॉटमच-डीबग-क्वेरी’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावल्यावर आपल्या शब्दांची झापियनने कोणती क्वेरी बनवली ते टर्मिनलवर दिसते. ‘वीज बिल’साठी आता तिथे ‘विज’ आणि ‘बिल’ ही रूपे येतात, आणि ‘विजेच्या बिलाबद्दल’चे पत्र सापडते.

‘राज्य’ आणि ‘राजा’ एकाच रूपावर येऊ नयेत यासाठी ‘र’खेरीज आणखी कोणत्या व्यंजनांनंतरचा ‘य’ राखावा, हे अजून ठरलेले नाही. ‘रस्ता’ आणि ‘रस्त्यात’ जुळायला तो काढावाच लागतो. देवनागरी आणि इंग्रजी अंक एकच मानण्याचे काम त्याच फिल्टरमध्ये पुढच्या टप्प्यात घेणार आहे, म्हणजे ‘२०२४’ शोधल्यावर इंग्रजी अंकांत लिहिलेली पावतीही येईल. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीला मी सध्या हात लावलेला नाही. त्याआधी स्टेमरची भाषा कॉन्फिगमधून निवडता यायला हवी, आणि वर दिलेल्या प्रत्येक जोडीसाठी नॉटमचच्या चाचणी-संचात एक शेल-स्क्रिप्ट चाचणी हवी. ‘दुसऱ्या’च्या तिन्ही क्रमांची चाचणी लिहून झाली आहे, ‘बँक’ची चालू आहे.