शेवटचं बाक

लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले आणि सहा महिने राहून आले. सांगलीत उतरल्यापासून जो तो विचारतोय, न्यूयॉर्क बघितलं का, नायगारा बघितला का. बघितलं बाबांनो, सगळं बघितलं. पण मी सांगत सुटते ते शेजारच्या अक्काबद्दल, आणि लोकांना वाटतं ती बेळगाव-धारवाडकडची कुणी असेल.

अक्का कोरियन आहे. वय अठ्ठ्याहत्तर. लेकीचं घर पॅलिसेड्स पार्कला, तिथं निम्म्याहून जास्त वस्ती कोरियन. दुकानांच्या पाट्याही त्यांच्याच लिपीत. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं तर तिनं जोरजोरात मान हलवली. बाईनं थोरल्या बहिणीला ‘ऑन्नी’ म्हणायचं असतं, म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडं अक्का म्हणतात. तिला तेच आवडलं.

कोरियाबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती. १९५३ मध्ये युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांवर देखरेख ठेवायला भारताची फौज गेली होती, आणि तिचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे जनरल थोरात. सासरे सांगायचे. अक्काला ते सांगितलं. म्हणाली, “तेव्हा मी आठ वर्षांची. निर्वासितांच्या बेटावर.” १९५० च्या डिसेंबरात हुंगनाम बंदरातून लाखभर माणसं जहाजांत भरून दक्षिणेला नेली, त्यात ती आणि तिची आई. आजी मागं राहिली ती राहिलीच. एवढं सांगून ती कोबीकडं वळली, मीही पुढं विचारलं नाही.

हो, कोबी. नोव्हेंबरात हिवाळाभराची किमची घालतात, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं. गॅरेजमध्ये प्लॅस्टिकचे टब मांडून चाळीस चिनी कोबी मिठात घातलेले. आपल्या लोणच्यावर तेल तरंगलं पाहिजे, हिच्यात तेलाचा थेंब नाही. लाल तिखट, लसूण, आलं, मुळा आणि खारवलेली कोळंबी. त्या वासानं मी दोन पावलं मागं सरले, खोटं कशाला बोलू! पण मिठाचा हात बघून कळलं, बाई तयार आहे. मी नळाखाली हात धुवायला लागले, तर ती बघतच राहिली. “नर्स?” कोपरापर्यंत हात धुणारी बाई दुसरी कोण असणार. ती पण नर्सच!

मी मिरजेच्या वॉनलेसला शिकले, ती सोलच्या एका मिशन हॉस्पिटलात. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर दोन्हीकडं पोचले होते. कोरियात १८८४ मध्ये होरेस ॲलन आले, आणि मिरजेचं हॉस्पिटल डॉ. वॉनलेसनी १८९४ मध्ये काढलं. आम्हा दोघींना खाटेवरची चादर कोपऱ्यात दुमडायची एकच पद्धत शिकवलेली. लेकीच्या पलंगावर आम्ही ती करून बघितली आणि म्हाताऱ्या बायका हसाव्यात तशा हसलो.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेला नर्सेस हव्याच होत्या. अक्का १९७१ ला आली, मागून नवरा आणि सासू. नवऱ्याचं भाजीचं दुकान, तो मध्यरात्री ब्राँक्सच्या हंट्स पॉइंट मार्केटला माल आणायला जायचा. ही कायम रात्रपाळीला. दोन पोरं, सासू, रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात शंभर माणसांचा भात. चर्चमध्ये तिला ‘क्वोन्सा’ हा मान आहे, वडीलधाऱ्या भक्तिणीचा. निर्णय घेणारे मात्र तिच्या चर्चमध्ये सगळे पुरुष. आपल्या महाप्रसादाच्या पंक्तीत काय वेगळं असतं म्हणा.

कोरियन चर्चमध्ये पहाटे प्रार्थना असते, रोज. आपल्याकडची काकड आरती कार्तिकात तरी संपते, यांची बारा महिने. रात्रपाळी संपवून अक्का थेट तिकडं जायची. तिचा मुलगा डोळ्यांत पाणी आणून मला सांगत होता, आईनं एक पहाट चुकवली नाही. तो गेल्यावर अक्का माझ्याकडं वाकली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “मी झोपायचे.”

शेवटच्या बाकावर. हात जोडून, मान खाली. तिथं सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, त्या गलक्यात तिला गाढ झोप लागायची. घरी गेलं की सासूचा चहा, पोरांचे डबे. “देवाला माहीत होतं. पास्टरला नव्हतं.”

मी तिला माझंही सांगितलं. मिरजेहून नाइट ड्यूटी करून यायचे, तेव्हा घरी सांगायचे की गणपतीचं दर्शन घेऊन येते. आणि कृष्णेच्या घाटावर पाऊण तास नुसती बसायचे. सासूबाई गल्लीत कौतुक करायच्या, आमची सून दर्शनाशिवाय घरात पाऊल टाकत नाही. पन्नाशी उलटेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही.

अक्काची भक्ती दिखाऊ होती असं मात्र कुणी समजू नये. ती अख्खं बायबल हातानं उतरवून काढते, प्रत्येक नातवंडासाठी एक. सध्या तिसरं चालू आहे. आमच्या सासूबाई ‘श्रीराम जय राम जय जय राम’च्या वह्या भरायच्या, तशाच वह्या, तसंच गोल अक्षर. नातवंडांना कोरियन धड वाचता येत नाही. मग वाचणार कोण, असं विचारलं तर तिनं खांदे उडवले आणि पेनाची रिफिल बदलली. मी निघाले तेव्हा ती रूथच्या पुस्तकावर होती, सासूपाठोपाठ परक्या मुलखात गेलेल्या सुनेची गोष्ट. चारच अध्याय आहेत, म्हणाली, आठवड्यात होईल. मी तिला सांगलीची हळद दिली, तिनं मला किमचीचं तिखट. दोघींनाही त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

परवा संकष्टीला गणपतीला गेले. रांग बघितली आणि सरळ घाटावर जाऊन बसले. सूनबाईनं विचारलं, तर झालं दर्शन, म्हणाले. आता इथं लिहिलंय म्हणजे तिला कळणारच.