आमची वाटचाल: वय बघून नाही, वजन बघून

पैदाशीच्या तरुण मेंढ्या तयार करून देणं हा आमचा धंदा. सुरुवातीला नुसती मादी कोकरं वाढवून विकायचो. पुढे कळपवाले ‘गाभण असेल तरच द्या’ म्हणू लागले आणि धंद्याचं रूपच पालटलं.

मादी साधारण सहा ते नऊ महिन्यांत माजावर येते. पण जातीतल्या मोठ्या मेंढीच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के भरल्याशिवाय आम्ही तिला मेंढा दाखवत नाही. मोठी मेंढी ५० किलोची, तर ही निदान ३० किलोची हवी. लोकरीत हाडकुळीही गुबगुबीत दिसते, म्हणून काट्यावर चढवतोच, शिवाय पाठीच्या कण्यावरून हात फिरवतो.

तरुण मादीचा माज थोडा वेळ टिकतो आणि ती लाजरी असते, स्वतःहून मेंढ्याजवळ जात नाही. मोठ्या माद्यांत मिसळली की मागेच राहते. त्यामुळे यांचा वाडा वेगळा. आधी काही दिवस नसबंदी केलेला मेंढा फिरवतो, मग पंचवीस-तीस माद्यांमागे एक अनुभवी मेंढा सोडतो. त्याच्या छातीला रंग फासलेला असतो. मादीच्या पुठ्ठ्यावर डाग उठला की काम झालं. गर्भ राहिला नाही तर माज १७ दिवसांनी परत येतो, तेव्हा रंग बदलायचा, फिक्याकडून गडदकडे. पिवळ्यावर लाल डाग बऱ्याच जणींवर दिसले, तर पहिला संशय मेंढ्यावर. वीर्य तयार व्हायला दोनेक महिने लागतात, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी मेंढ्याला आलेला ताप आत्ता नडतो.

मेंढा लागल्यावर पहिला महिना ना गाडीत चढवणं, ना लोकर कातरणं, ना खुराकात अचानक बदल. गर्भ रुजायचे दिवस असतात. गिऱ्हाईक कितीही घाईला आलं तरी या महिन्यात आम्ही विक्री करत नाही. पुढे ४५ ते ९० दिवसांत सोनोग्राफी, आणि मगच सौदा. डागाच्या तारखेवरून सुमारे १४७ दिवसांचा हिशेब लावून विण्याचा आठवडा चिठ्ठीवर लिहून देतो. एक कोकरू की जुळं, तेही.

गिऱ्हाइकाला पटवणं सर्वांत अवघड जातं ते खाण्याचं. गाभण आहे म्हणून कोवळ्या मेंढीला सुरुवातीपासून भरमसाट चारलं, तर तिचंच अंग वाढतं, वार (गर्भाला पोसणारा, विल्यावर बाहेर पडणारा भाग) लहान राहते आणि कोकरू हलकं निपजतं. उपाशीही ठेवायची नाही. तिची स्वतःची वाढ अजून चालूच असते.

वजन चांगलं असून माजाच्या दोन फेऱ्यांत गाभण न राहिलेली मादी आम्ही पैदाशीसाठी विकत नाही. ती थेट मटणाच्या व्यापाऱ्याकडे जाते.