शितावरून गेम

नव्या व्हिडिओ गेमचा डेमो, म्हणजे विकत घेण्याआधी चाखायला दिलेला नमुना, डाउनलोड झाला की पहिली पाच मिनिटं मी कथेकडे ढुंकूनही बघत नाही. समोर राज्य जळत असलं तरी मी आपला हीरोला नेऊन भिंतीवर धडकवतो. पळता पळता एकदम मागे फिरवला तर लगेच फिरतो का, बटण दाबलं त्या क्षणी उडी मारतो की सावकाश विचार करून, कॅमेरा कोपऱ्यात अडकून नुसतं प्लास्टर दाखवत बसतो का, हे सगळं आधी बघून घेतो. ट्रेलर डोळ्यांना सहज गंडवतो. अंगठ्यांना गंडवणं तितकं सोपं नाही.

प्लेस्टेशन ५ या गेम खेळायच्या मशिनचा मोठा नवा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो, त्यामुळे ही चाचपणी निव्वळ हौस नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची, एवढंच. फक्त गेमच्या धंद्यात शीत त्याच पातेल्यातलं असेल याची खात्री नसते.

२००१ साली ‘झोन ऑफ द एंडर्स’ या गेमसोबत ‘मेटल गिअर सॉलिड २’च्या डेमोची डिस्क आली होती. अनेकांनी ‘झोन ऑफ द एंडर्स’ घेतला तो या डिस्कसाठीच. डेमोत धो धो पावसातलं जहाज, आणि त्यावर लपतछपत फिरणारा आधीच्या गेमचा लाडका हीरो स्नेक. वर्षअखेरीस पूर्ण गेम हातात आला, जहाजाचा भाग संपला, आणि पुढे खेळायला मिळाला रायडन नावाचा कोणीतरी नवखा पोरगा! डेमोत खोटं काहीच नव्हतं, फक्त सोयीच्या जागी तोंड बंद ठेवलं होतं.

‘रेसिडेंट ईव्हिल ७’ या भयकथेच्या गेमने तर दुसरं पातेलंच चढवलं. जून २०१६मध्ये आलेला डेमो पूर्ण गेममधून कापून काढलेला नव्हता, स्वतंत्र बेतलेला होता. पडकं घर, एक व्हिडिओ कॅसेट, आणि एका खणात सापडणारं नकली बोट. या बोटाचं करायचं काय? लोकांनी ते घेऊन सगळं घर पालथं घातलं, नाही नाही ते तर्क लढवले. तेव्हा त्याचा काहीच उपयोग नव्हता. तो नंतरच्या अपडेटमध्ये दिला गेला. मला हा प्रकार फार आवडतो. मात्र यावरून विकत घ्यायचा गेम कसा असेल हे कळतं का? वातावरण कळतं. बाकी अंदाजपंचे.

आणि ‘पी.टी.’ नावाचा डेमो म्हणजे नुसतंच शीत, भात नाही. ऑगस्ट २०१४मध्ये कुणी न ऐकलेल्या स्टुडिओच्या नावाने तो प्लेस्टेशन ४वर फुकट आला. काटकोनात वळणारा एक बोळ, रेडिओवर एका बापाने घरच्यांना मारल्याची बातमी, आणि २३:५९ दाखवणारं घड्याळ. टोकाचं दार उघडून बाहेर पडावं तर परत त्याच बोळाच्या तोंडाशी. हातात शस्त्र नाही; चालायचं आणि नीट निरखून बघायचं, एवढीच मुभा. दुसऱ्या फेरीपासूनच मी दिवा लावून खेळलो, हे सांगायला लाज कसली? शेवटाला पोचणाऱ्यांना कळायचं की ही ‘मेटल गिअर’वाला हिदेओ कोजिमा आणि सिनेदिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘सायलेंट हिल्स’ची जाहिरात आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये तो गेम रद्द झाला, डेमोही स्टोअरवरून काढला गेला आणि पुन्हा डाउनलोड करण्याची सोय बंद झाली. मग लोक ‘पी.टी.’ असलेली जुनी मशिन्स चढ्या भावाने विकू लागले. फुकट वाटलेल्या जाहिरातीसाठी पैसे मोजायचे, आणि तेही कधीच न आलेल्या मालाच्या!

जानेवारी २०१९मधल्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’च्या डेमोने वेगळंच आखडतं धोरण ठेवलं: एका अकाउंटला एकूण तीस मिनिटं, बास. घड्याळ लावलं की माणूस घाबरण्याऐवजी घाई करतो, आणि भयकथेत घाई म्हणजे विचकाच. कित्येकांनी नवी अकाउंट्स काढून पुन्हा तीस मिनिटं मिळवली, ते बरंच केलं.

त्यापेक्षा ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’वाले शहाणे. २०१७च्या डेमोनंतर त्यांनी खेळणाऱ्यांची मतं मागवली आणि त्यानुसार बदल केले. डेमो म्हणजे फक्त दुकानाची काच नव्हे, हे ज्यांना कळतं त्यांच्या गेमला मी दोन गुण जास्त देतो.

सगळ्यात धूर्त डेमो मात्र ‘फायनल फँटसी १६’चा. जून २०२३मध्ये आला, तोही गेमची अगदी सुरुवातच घेऊन. दोनेक तासांचा भरगच्च पूर्वरंग, आणि तुमचं सेव्ह, म्हणजे इथवर खेळलेलं सगळं, पूर्ण गेममध्ये पुढे नेता येणार. हीरो क्लाइव्ह चपळ आहे, वार चुकवताना हाताखाली छान वळतो. माझी भिंतीची परीक्षा तो पहिल्या मिनिटालाच पास झाला. पुढे गावोगावची किरकोळ कामं करत गेम बराच रेंगाळतो, पण त्या दोन तासांत त्याचा मागमूस नाही. ऐन मोक्याला पडदा पडतो, आणि आता इथवर आलोच आहोत तर...

“अहो, तो फुकटचा होता ना?” घरातून प्रश्न आला, तोवर नव्वदेक जीबीचं डाउनलोड सुरू झालं होतं.